दुबईत बिऱ्हाड मांडताना

मुंबई आणि दुबई या दोन बंदरांमधील व्यवहार फार जुना आहे. गलबतांतून खजूर आणि मोती इकडे येत; तांदूळ, कापड आणि मसाले तिकडे जात. १९६६ पर्यंत तेथील चलनही रुपयाच होते. १९५९ पासून भारताने त्यासाठी वेगळ्या नोटाही काढल्या होत्या. १९६६ मध्येच दुबईत तेलाचा शोध लागला. २ डिसेंबर १९७१ रोजी संयुक्त अरब अमिरातींचे संघराज्य स्थापन झाले आणि पुढील काही दशकांत एका लहानशा बंदराचे महानगर झाले. हे महानगर मुख्यतः बाहेरून आलेल्या माणसांच्या हातांनी उभे राहिले आहे. आजही तेथील दर दहा रहिवाशांपैकी सुमारे नऊ जण परदेशी नागरिक आहेत आणि त्यांत भारतीयांची संख्या सर्वांत मोठी आहे.

त्यामुळे भारतातून जाणाऱ्या माणसाला पहिल्या दिवशी फारसे परके वाटत नाही. बुर दुबई किंवा करामा या भागांत हिंदी सहज कानांवर पडते आणि दुकानात कढीपत्ता व तूरडाळ मिळते. परंतु ही ओळखच अनेकदा फसवी ठरते. तेथे राहण्याचा परवाना बहुतेकांच्या बाबतीत नोकरीशी बांधलेला असतो. नोकरी संपली की ठरावीक मुदतीत दुसरी मिळवावी लागते अथवा देश सोडावा लागतो. कितीही वर्षे वास्तव्य झाले तरी केवळ त्या बळावर नागरिकत्व मिळत नाही. म्हणून तेथील संसाराची भिस्त ओळखीपाळखीपेक्षा कागदपत्रांवर अधिक असते आणि त्या कागदपत्रांची तयारी गाव सोडण्यापूर्वीच सुरू करावी लागते.

निघण्यापूर्वी

भारताच्या संसदेने १९८३ मध्ये उत्प्रवास कायदा संमत केला आणि परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्या दलालांना सरकारी नोंदणी बंधनकारक केली. उमेदवाराकडून घ्यावयाच्या सेवाशुल्काला ३०,००० रुपये व त्यावरील कर अशी मर्यादा घालण्यात आली. प्रत्यक्षात मात्र अनेक जण जमीन गहाण टाकून किंवा दागिने विकून याच्या कितीतरी पट रक्कम मोजतात. अशा कर्जाचे परिणाम दूरवर जातात. डोक्यावर कर्ज असलेला माणूस वाईट नोकरी सोडू शकत नाही आणि अन्यायाविरुद्ध तक्रार करण्यासही धजत नाही. अमिरातींच्या २०२१ च्या कामगार कायद्यानुसार भरतीचा खर्च मालकाने सोसावयाचा असतो; तो कामगाराकडून वसूल करता येत नाही.

ज्यांच्या पासपोर्टवर उत्प्रवास तपासणीची अट नोंदलेली असते, त्यांना निघण्यापूर्वी उत्प्रवास संरक्षकाची मंजुरी आवश्यक असते. दहावी उत्तीर्ण नसलेले बहुतेक कामगार या वर्गात मोडतात. ‘पर्यटकाच्या व्हिसावर चला, तेथे पोहोचल्यावर पाहू’ असे सांगणारा दलाल ही मंजुरी टाळत असतो. पर्यटकाच्या व्हिसावर काम करणे हा तेथे गुन्हा आहे, आणि मंजुरीबरोबर मिळणारे १० लाख रुपयांच्या विम्याचे संरक्षणही अशा प्रवाशाला गमवावे लागते.

नोकरीचा प्रस्ताव अरबी व इंग्रजीबरोबर हिंदीसह अन्य काही भाषांतही मिळू शकतो. तो समजून घेतल्याशिवाय सही करू नये. त्यात एकूण पगारापेक्षा मूळ वेतनाचा आकडा आधी पाहावा, कारण सेवासमाप्तीचे उपदान, म्हणजेच ग्रॅच्युइटी, मूळ वेतनावर मोजली जाते. पहिल्या पाच वर्षांत दर वर्षामागे २१ दिवसांचे आणि त्यानंतर दर वर्षामागे ३० दिवसांचे मूळ वेतन मिळते. दोन ठिकाणी २,००० दिरहम एकूण पगार देऊ केला आहे, असे समजा. एका ठिकाणी मूळ वेतन १,००० दिरहम आहे व दुसऱ्या ठिकाणी १,५००. पाच वर्षांनी पहिल्याला ३,५०० दिरहम मिळतील, तर दुसऱ्याला ५,२५०. हा हिशेब सर्वसाधारण खाजगी नोकरीचा झाला. घरकामगारांना व काही विशेष आर्थिक क्षेत्रांना वेगळे कायदे लागू आहेत.

पहिले काही आठवडे

आगमनानंतर वैद्यकीय तपासणी होते, बोटांचे ठसे घेतले जातात आणि ‘एमिरेट्स आयडी’ हे ओळखपत्र मिळते. बँक, दूरध्वनी, दवाखाना, घराचा करार अशा सर्व कामांची ही किल्ली होय. पासपोर्ट मात्र ज्याचा त्याने जवळ बाळगावा. मालकाने तो ताब्यात ठेवणे कायद्याला मान्य नाही. करारपत्र, व्हिसा व पासपोर्ट यांच्या प्रती घरी ठेवलेल्या असल्या तर अडचणीच्या वेळी नातेवाइकांना मदत मागणे सोपे जाते.

२००९ पासून खाजगी आस्थापनांतील पगार बँका वा मान्यताप्राप्त विनिमय संस्थांमार्फत देण्याची पद्धत सुरू झाली. त्यामुळे पगार किती व केव्हा मिळाला याची नोंद राहते. रोख हाती ठेवून जास्त रकमेवर सही मागितल्यास ती देऊ नये. उन्हाचाही विचार हवा. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी १२.३० ते ३ या वेळेत उघड्यावर काम करवून घेण्यास मनाई आहे.

घर आणि कुटुंब

घरभाडे वर्षाच्या हिशेबाने ठरते आणि पुष्कळदा पुढील तारखांच्या मोजक्या धनादेशांनी आगाऊ द्यावे लागते. धनादेश न वठल्यास वसुलीची कारवाई तातडीने होऊ शकते. म्हणून खात्यात पैसे नसताना धनादेश लिहू नये. भाडेकराराची ‘इजारी’ या सरकारी पद्धतीत नोंद करून घ्यावी. स्वस्त म्हणून नोंदणीविना खोलीतील एखादी खाट भाड्याने घेणाऱ्याला वाद झाल्यास पुरावा दाखविता येत नाही आणि एखाद्या दिवशी घर रिकामे करावे लागते.

कुटुंब नेण्यासाठी किमान ४,००० दिरहम पगार, अथवा ३,००० दिरहम व राहण्याची सोय, ही अट आहे. परंतु अट पूर्ण होणे आणि संसार परवडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतीय कुटुंबांची मुले प्रायः शुल्क आकारणाऱ्या खाजगी शाळांत शिकतात. कर्मचाऱ्याचा आरोग्य विमा मालकाने काढावयाचा असला, तरी पत्नी व मुलांच्या विम्याची जबाबदारी त्यांना आणणाऱ्यावर असते. म्हणून प्रथम एकट्याने जाऊन सहा महिन्यांचा खर्च लिहून काढणे आणि मग निर्णय घेणे इष्ट होय.

कायदा आणि लोकरीत

आपल्याकडे निरुपद्रवी असलेली वस्तू तेथे गुन्ह्याचे कारण होऊ शकते. खसखस हे याचे उत्तम उदाहरण. अनारशांवर लावली जाणारी ही खसखस अमिरातींत निषिद्ध आहे. घरून येणाऱ्या फराळाच्या डब्यातही ती असता कामा नये. कोडीनयुक्त खोकल्याची औषधे आणि काही वेदनाशामके नेण्यासाठी पूर्वपरवानगी लागते. दुसऱ्याने दिलेले बांधलेले पुडके न उघडता नेऊ नये. कोणाचेही, विशेषतः स्त्रियांचे, छायाचित्र संमतीशिवाय घेऊ नये. गावच्या देवळासाठी किंवा आजारी मित्रासाठी परस्पर वर्गणी गोळा करणे हाही तेथे नियमभंग ठरतो.

पैसा आणि परतीची वाट

दिरहमचा डॉलरशी असलेला दर १९९७ पासून स्थिर आहे. रुपयाचा दर मात्र बदलतो. घरी पाठवावयाची रक्कम, तेथील खर्च आणि शिल्लक असे तीन भाग पहिल्या पगारापासून वेगळे करावेत. मित्राच्या कर्जाला जामीन राहण्यापूर्वी पुष्कळ विचार करावा. कर्ज थकल्यास न्यायालय देश सोडण्यास मनाई करू शकते.

वाद उद्भवल्यास काम सोडून परस्पर नाहीसे होणे हा सर्वांत घातक मार्ग आहे, कारण तक्रार मालकाविरुद्ध असताना फरारीची नोंद कामगाराच्या नावे होते. तक्रार मनुष्यबळ मंत्रालयाकडे करावी. २०२४ पासून ५०,००० दिरहमपर्यंतच्या वादांचा निर्णय मंत्रालय स्वतः देऊ शकते. दुबईतील भारतीय वकिलातीकडेही सल्ला मिळतो.

२०१९ पासून काही निवडक लोकांना दीर्घ मुदतीचा निवासी परवाना मिळू लागला आहे. बाकीच्यांना मात्र परतावेच लागते आणि त्याची आखणी हा तेथे स्थिर होण्याचाच एक भाग आहे. निघताना परवाना रीतसर रद्द करून घ्यावा, कर्ज फेडावे आणि करार संपल्यापासून १४ दिवसांत देय असलेली रक्कम मागून घ्यावी. ज्याच्याजवळ आपला पासपोर्ट, कराराची प्रत आणि परतीच्या भाड्याइतकी शिल्लक आहे, त्याला वाईट नोकरीला नकार देता येतो. परक्या शहरात माणसाला याहून मोठा आधार क्वचितच असतो.