सणाआधीचे दोन दिवस

सण एका दिवसाचा असतो. त्याची तयारी मात्र कितीतरी दिवस आधी सुरू होते. दिवाळी आठ दिवसांवर आली की आपल्या घरी चकलीच्या भाजणीचा खमंग वास दरवळू लागतो, अनारशांसाठी तांदूळ भिजत पडतात आणि डब्यांची झाकणे उघडून पाहणाऱ्या मुलांना आईची बोलणी खावी लागतात. जगाच्या पाठीवर कोठेही जा, सणाच्या स्वयंपाकाची ही धांदल आढळल्यावाचून राहत नाही. मुलांनो, अशीच एक धांदल पाहण्यासाठी आज आपण सातासमुद्रांपलीकडे, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जाणार आहोत.

तेथे नोव्हेंबर महिन्याच्या चौथ्या गुरुवारी ‘थँक्सगिव्हिंग’ नावाचा सण साजरा होतो. थँक्सगिव्हिंग म्हणजे आभार मानणे. शेतातले पीक घरात आले, घरची माणसे एकत्र जमली, याबद्दल कृतज्ञता व्यक्त करण्याचा हा दिवस. १८६३ साली, देशात यादवी युद्ध चालू असताना, राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी हा दिवस साऱ्या देशाने पाळावा असे जाहीर केले. त्यासाठी सारा जोसेफा हेल नावाच्या संपादिका वर्षानुवर्षे पत्रे लिहीत होत्या. ‘मेरी हॅड अ लिटल लँब’ हे इंग्रजी बालगीत तुमच्यापैकी पुष्कळांना पाठ असेल. ते याच बाईंचे. पुढे १९४१ साली नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायद्याने निश्चित झाला.

सण गुरुवारी असला, तरी आपण मात्र त्याच्या आधीच्या शनिवारी आणि रविवारी तेथे जाऊ. सणाच्या दिवशी भरलेले ताट दिसते. ते भरणारे हात दिसतात तयारीच्या दिवशी.

देशाच्या ईशान्य भागात मॅसॅच्युसेट्स नावाचे राज्य आहे. तेथील लहानशा गावातले एक घर डोळ्यांसमोर आणा. पानगळ संपत आली आहे. मेपल वृक्षांची तांबडी-पिवळी पाने अंगणात पसरली आहेत आणि फांद्या उघड्या पडल्या आहेत. सूर्य सायंकाळी सव्वाचारच्या सुमारासच मावळतो. बाहेर गारठा वाढला, म्हणून आजी, आई, वडील आणि दोन मुले असे सारे घर स्वयंपाकघरात येऊन बसले आहे.

आजीचे काम शुक्रवारी रात्रीच सुरू झाले. तिने घेवड्याचे वाळलेले पांढरे दाणे भिजत घातले. शनिवारी सकाळी ते मातीच्या खोलगट भांड्यात भरून त्यात कांदा, थोडी मोहरी, खारवलेल्या मांसाचा तुकडा आणि आपल्या काकवीसारखा उसाचा घट्ट काळा पाक घातला व भांडे ओव्हनच्या मंद आचेवर ठेवून दिले. आता सहा-सात तास त्याच्याकडे पाहावयाचे नाही. मधूनमधून थोडे पाणी घालावयाचे, इतकेच. शनिवारच्या रात्री घेवडा खाण्याची या भागात जुनी चाल आहे. पूर्वी येथील धर्मनिष्ठ लोक रविवारी स्वयंपाक करणे वर्ज्य मानीत. म्हणून घेवडा शनिवारीच शिजवून ठेवीत आणि दुसऱ्या दिवशीही तोच खात.

आईने लहानसा गोड भोपळा मधोमध चिरून ओव्हनमध्ये भाजला. तासाभराने गर मऊ झाला, तो तिने चमच्याने खरवडून घोटला. पुष्कळ घरी डब्यातला तयार गर आणतात. या घरी ताजा करतात. मुलांनी बिया धुऊन, मीठ लावून, खरपूस भाजल्या आणि सणाची वाट न पाहता निम्म्या तेथेच संपविल्या! हा गर गुरुवारच्या गोड पदार्थासाठी आहे. त्या पदार्थाला तेथे ‘पाय’ म्हणतात. नाव ऐकून हसू नका. पिठाच्या खुसखुशीत पारीत भोपळ्याचा गर, दूध, अंडी आणि साखर यांचे मिश्रण ओतून तो भाजतात. आपल्याकडे लाल भोपळ्याचे घारगे करतात; हा त्यांचाच दूरचा भाऊ समजा.

रात्री सारे जेवावयास बसले. ताटात वाफाळलेला घेवडा होता, मक्याच्या पिठाचा जाळीदार पाव होता आणि उरलेल्या भोपळ्याचे सार होते. आजी म्हणाली, “आज तिन्ही बहिणी आपल्याकडे जेवायला आल्या आहेत.” धाकट्या नातवाने दाराकडे पाहिले. तेथे कोणीच नव्हते! तेव्हा आजीने त्याला तीन बहिणींची हकीकत सांगितली.

युरोपातील लोक अमेरिकेत येण्याच्या शेकडो वर्षे आधीपासून तेथील मूळचे रहिवासी मका, घेवडा आणि भोपळा ही पिके एकाच वाफ्यात लावीत असत. मक्याचे ताट सरळ उभे वाढते. घेवड्याचा वेल त्याच्या आधाराने वर चढतो. घेवड्याच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्म जीव हवेतील नायट्रोजन जमिनीत आणतात. भोपळ्याची रुंद पाने जमिनीवर पसरून सावली धरतात, त्यामुळे ओल टिकते आणि तण वाढत नाही. तिघी एकमेकींना सांभाळतात, म्हणून त्यांना ‘तीन बहिणी’ हे नाव मिळाले.

“मग आजी, हे आपल्या लोकांना शिकविले कोणी?” नातवाने विचारले.

या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे. १६२० साली इंग्लंडहून ‘मेफ्लॉवर’ नावाचे जहाज सुमारे १०० प्रवाशांना घेऊन याच किनाऱ्यावर आले. त्यांनी प्लिमथ येथे वसाहत केली. पहिल्याच हिवाळ्यात थंडी, उपासमार आणि रोगराई यांमुळे त्यांच्यातील जवळजवळ निम्मी माणसे दगावली. हा प्रदेश वांपानोआग लोकांचा. त्यांच्यापैकी टिस्क्वांटम नावाच्या माणसाला १६१४ साली एका इंग्रज कप्तानाने फसवून पळवून नेले होते. स्पेन आणि इंग्लंड असा प्रवास करून तो १६१९ साली मायदेशी परतला, तेव्हा साथीच्या रोगाने त्याचे सारे गाव ओस पडले होते. त्याच गावाच्या जागी पुढे प्लिमथ उभे राहिले. या माणसाने नवागतांना मका कसा पेरावा, बियांबरोबर लहान मासे पुरून जमीन कशी सकस करावी, हे शिकविले. आपले गाव गमावलेला माणूस, त्याच गावात येऊन राहिलेल्यांना जगावयास शिकवीत होता!

१६२१ च्या शरदात पीक चांगले आले. त्या वेळी वांपानोआगांचा प्रमुख मॅसासॉइट सुमारे ९० माणसांसह तेथे आला. तीन दिवस सर्वांनी एकत्र मेजवानी केली. वसाहतीतील एडवर्ड विन्स्लो याने त्याच वर्षी लिहिलेल्या पत्रात पाहुण्यांनी आणलेल्या पाच हरणांचा आणि रानपक्ष्यांच्या शिकारीचा उल्लेख आहे. आजच्या सणाची कथा बहुधा या मेजवानीपासून सांगतात आणि येथेच संपवितात.

आजीने मात्र ती येथे संपविली नाही. नातवाने विचारले, “मग ते लोक कोठे गेले?” तेव्हा ती म्हणाली, “कोठेही गेले नाहीत, बाळ. ते येथेच आहेत. आपण त्यांची गोष्ट अर्धीच सांगतो.”

उरलेली अर्धी गोष्ट दुःखाची आहे. वसाहती वाढत गेल्या तशा वांपानोआगांच्या जमिनी गेल्या. मॅसासॉइटच्या मुलाच्या काळात, १६७५ साली, युद्ध पेटले. १६७६ साली तो मारला गेला आणि त्याच्या लोकांपैकी अनेकांना गुलाम म्हणून परदेशी विकण्यात आले. १९७० साली मेफ्लॉवर येऊन ३५० वर्षे झाल्याच्या समारंभात वांसुट्टा फ्रँक जेम्स या वांपानोआग गृहस्थांना भाषणासाठी बोलावले होते. त्यांनी भाषणात हे सारे लिहिले, तेव्हा ते तसे वाचण्यास संयोजकांनी संमती दिली नाही. त्या वर्षापासून थँक्सगिव्हिंगच्याच दिवशी अनेक मूळ रहिवासी प्लिमथ येथील टेकडीवर जमून शोकदिन पाळतात. एकाच गुरुवारी काही घरांत मेजवानी असते आणि त्या टेकडीवर शोक असतो. आभार मानणाऱ्याने दोन्ही गोष्टी ठाऊक करून घ्यावयास हव्यात.

रविवार उजाडला तो कामाची यादी घेऊनच. आईने पायच्या पारीसाठी मैदा घेतला, त्यात थंडगार लोण्याचे लहान तुकडे चोळले आणि बर्फाच्या पाण्याचे चार शिंतोडे देऊन गोळा केला. लोणी वितळता कामा नये. ओव्हनच्या उष्णतेत लोण्याचे तुकडे वितळले, त्यातील पाण्याची वाफ झाली, की पिठाचे पदर सुटतात. आपल्या चिरोट्यांना साट्यामुळे पदर सुटतात, त्यातला प्रकारही बराचसा असाच.

मोठ्या मुलीकडे क्रॅनबेरीची चटणी होती. क्रॅनबेरी हे साधारण करवंदाएवढे, लालभडक आणि अतिशय आंबट फळ. ते दलदलीच्या जमिनीत वाढते. फळाच्या पोटात हवेचे चार कप्पे असतात. त्यामुळे वाफ्यात पाणी सोडून झुडपे हलविली की फळे वर तरंगू लागतात आणि सारे शेत तांबडे दिसते. पातेल्यात साखर, पाणी आणि फळे उकळत ठेवली की दहाएक मिनिटांत ती तडतड फुटू लागतात आणि थंड झाल्यावर चटणी आपोआप घट्ट होते.

धाकट्याने शिळ्या पावाचे तुकडे ताटात पसरून वाळत घातले. कांदा व सुगंधी पाने घालून त्यांचे सारण करावयाचे होते. सणाचा मुख्य पदार्थ म्हणजे भाजलेला टर्की पक्षी. वडिलांनी सात किलोचा गोठविलेला पक्षी खालच्या कप्प्यात, फ्रीजमध्ये, ठेवला. त्याचे बर्फ पुरते सुटावयास तीन-चार दिवस लागतात. घाईने तो बाहेर ठेवला, तर आत बर्फ तसेच राहते आणि बाहेरच्या मांसात रोगजंतू वाढतात. स्वयंपाकात धीर हेही एक साहित्य आहे.

सायंकाळी एक काम उरले. सणाच्या सुमारास तेथील अनेक शाळांत गरजू कुटुंबांसाठी अन्नाचे डबे गोळा करतात. धाकट्याने कपाटाच्या मागच्या कोपऱ्यातून दोन जुने डबे काढून पेटीत ठेवले. वडिलांनी त्यांवरची तारीख पाहिली. मुदत केव्हाच उलटली होती. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “गुरुवारी आपल्या पाहुण्यांना तू हे वाढशील का?” मुलगा क्षणभर थांबला. मग त्याने ते डबे काढून टाकले आणि स्वतःच्या आवडीचा गोड मक्याचा डबा पेटीत ठेवला.

मुलांनो, ही दूरदेशीची गोष्ट ऐकून तिचा आपल्याशी काय संबंध, असे तुम्हांला वाटेल. तर मग एकादशीच्या दिवशी आपल्या घरी होणारी साबुदाण्याची खिचडी आठवा. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावा, भाजलेले शेंगदाणे, बटाटा आणि हिरवी मिरची ही चारही मूळची अमेरिका खंडांतील पिके आहेत. तेथील मूळच्या शेतकऱ्यांनी ती पिढ्यानपिढ्या निवडून, जोपासून वाढविली. पोर्तुगीज लोक १४९८ साली भारतात आले आणि १५१० साली त्यांनी गोवा घेतले. त्यानंतर त्यांच्या जहाजांतून मिरची, काजू यांसारखी पिके आपल्या किनाऱ्याला लागली. बटाटा हा शब्दही आपण पोर्तुगीजांकडूनच घेतला. तत्पूर्वी आपल्या जेवणातला तिखटपणा मिरे, पिंपळी आणि आले यांवर भागत असे. उलट, अमेरिकेतल्या त्या भोपळ्याच्या पायला सुगंध येतो तो सुंठ, दालचिनी, लवंग आणि जायफळ यांचा. हे सारे मसाले मूळचे आशियातले.

प्रत्येक घरच्या ताटात असे कोणा परक्याचे श्रम वाढलेले असतात. त्यांतील काहींनी आपली विद्या प्रेमाने दिली, काहींकडून जमीनच हिरावून घेतली गेली. आपण घास घेतो तेव्हा त्यांपैकी कोणीही समोर नसते. म्हणून पान वाढल्यावर क्षणभर थांबावे, हे अन्न कोठून आले, कोणी पिकविले, कोणी रांधले, हे विचारावे. उत्तर गोड असो वा कडू, ते पुरते ऐकावे. आणि मग, ताटात काहीही न टाकता, आनंदाने जेवावे.

स्वाध्याय

१. मका, घेवडा आणि भोपळा यांना ‘तीन बहिणी’ का म्हणतात?
२. “आपण त्यांची गोष्ट अर्धीच सांगतो,” असे आजी का म्हणाली?
३. वडिलांच्या प्रश्नानंतर मुलाने डबे का बदलले, ते तुमच्या शब्दांत लिहा.
४. आज तुमच्या घरी झालेल्या एका पदार्थाचे साहित्य लिहा. त्यातील कोणती वस्तू मूळची कोणत्या देशातील आहे, ते वडीलधाऱ्यांना किंवा शिक्षकांना विचारून शोधा.
५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : धांदल, नवागत, ओस पडणे, कृतज्ञता.