ग्रहांची वातावरणे आणि प्रकाशाची दुहेरी साक्ष

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या प्रारंभी अध्यासाचे विवेचन करताना आकाशाचा दाखला घेतला आहे. आकाश प्रत्यक्षाचा विषय नसूनही अजाण जन त्यावर तळाचा आणि मलिनतेचा आरोप करतात, असा त्याचा आशय आहे. आकाशाला स्वतःचा रंग नाही, हे भौतिकशास्त्रालाही मान्य आहे. तथापि दिसणारी निळाई निव्वळ भ्रम नव्हे. ती आकाशाची नसली तरी हवेची आहे, आणि हवेचे स्वरूप उकलण्याचे ते एक साधन आहे.

वातावरणात शिरलेल्या सूर्यप्रकाशाचा काही अंश शोषला जातो, काही कणांवर आदळून विखुरतो आणि उरलेला थेट पार जातो. विखुरलेल्यापैकी जो अंश अवकाशात परततो, तो बाहेरून पाहणाऱ्यास ग्रहाने परावर्तित केलेला प्रकाश म्हणून दिसतो. पुढे लॉर्ड रॅले म्हणून ख्यातनाम झालेले जॉन विल्यम स्ट्रट यांनी १८७१ साली या विखुरण्याचा नियम मांडला. कण तरंगलांबीच्या मानाने अतिसूक्ष्म असल्यास विखुरण्याचे प्रमाण तरंगलांबीच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. त्यामुळे ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशाहून चौपटीपेक्षा अधिक विखुरतो. माथ्यावरची निळाई आणि सायंकाळची लाली ही म्हणूनच एका घटनेची दोन अंगे होत. पहिलीत विखुरलेला प्रकाश दिसतो, दुसरीत विखुरून उरलेला. खग्रास ग्रहणातील चंद्राची तांबूस छटाही पृथ्वीच्या वातावरणाच्या कडेतून वाकून पार गेलेल्या अशाच प्रकाशाची असते.

शुक्राच्या ठिकाणी ही दोन अंगे परस्परांपासून फार दूर जातात. त्याचे दाट ढग सूर्यप्रकाशाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग परतवून लावतात. पृथ्वीच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे तीस टक्के आहे. शुक्राची चांदणी इतकी तेजस्वी दिसते याचे हे एक प्रमुख कारण होय. परतलेल्या या प्रकाशाच्या ध्रुवीकरणावरून हॅन्सन आणि होव्हेनियर यांनी १९७४ साली ढगांतील थेंबांचा आकार व वक्रीभवनांक काढला, आणि ते थेंब संहत गंधकाम्लाचे असल्याच्या अनुमानास बळकटी आली. उलट, ढगांखाली उतरून १९८२ साली व्हेनेरा १३ या सोव्हिएत यानाने घेतलेल्या चित्रांत सारी भूमी नारिंगी दिसते. दाट वातावरणातून खाली पोहोचेपर्यंत प्रकाशातील निळा अंश जवळजवळ नाहीसा झालेला असतो. बाहेरून शुभ्र दिसणारा ग्रह आतून नारिंगी आहे. यांपैकी एकच साक्ष ग्राह्य धरली तर चित्र अपुरे राहते.

मंगळाने निरीक्षकाच्या सवयीचीच परीक्षा घेतली. तेथील हवेचा दाब पृथ्वीवरील दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. आकाशाचा रंग ठरवते ती हवेत तरंगणारी, लोहाच्या ऑक्साइडांनी युक्त अशी धूळ. ती निळा प्रकाश शोषते, म्हणून दिवसाचे आकाश पिवळट-तांबूस असते. व्हायकिंग १ यान २० जुलै १९७६ रोजी मंगळावर उतरले. त्याचे पहिले रंगीत चित्र प्रसृत झाले तेव्हा त्यात आकाश पृथ्वीसारखे निळसर होते; रंगांची मोजणी नीट जुळवल्यावर ते गुलाबी-पिवळट ठरले. मोजमाप यानाचे होते, पण निळाई पृथ्वीवरची होती. विशेष असे की, मंगळावर सूर्यास्ताच्या वेळी सूर्यबिंबाभोवती मात्र निळसर प्रभा पसरते, कारण बारीक धूळ निळा प्रकाश प्रामुख्याने पुढच्या दिशेस विखुरते. पृथ्वीवरचा क्रम तेथे उलटा होतो.

पार गेलेल्या प्रकाशाची साक्ष आता सूर्यमालेपलीकडेही घेतली जाते. दीडशेहून अधिक प्रकाशवर्षे दूर असलेल्या एचडी २०९४५८ या ताऱ्यासमोरून त्याचा ग्रह सरकताना ग्रहाच्या वातावरणाच्या कडेतून आलेल्या प्रकाशात सोडियमची खूण आढळल्याचे २००२ साली प्रसिद्ध झाले. त्या ग्रहाचे आकाश कोणी पाहिलेले नाही. तरी त्याच्या हवेतील एक द्रव्य ज्ञात झाले.

भारतीय भाषांतील काव्यात नीलांबर हा शब्द इतका रूढ आहे की, निळेपणा हा आकाशाचा स्वभावच वाटावा. वस्तुतः ते एका विशिष्ट ग्रहाच्या विशिष्ट हवेचे वर्णन आहे. आचार्यांनी सांगितलेला आरोप दूर सारल्यावर हाती शून्य उरत नाही; ज्या हवेमुळे तो आरोप शक्य झाला, ती हवा उरते. काव्यातील निळाईचा अर्थ लावणाऱ्या अभ्यासकाने हा भेद ध्यानी ठेवणे उचित ठरेल.