३.४ धार्मिक-सांस्कृतिक भेद आणि संघर्ष : नामांतराचे उदाहरण

जगातील अनेक संघर्षांचे मूळ धर्म व संस्कृती यांच्या भेदात शोधले जाते. परंतु वेरूळच्या एकाच डोंगरात बौद्ध, हिंदू व जैन धर्मांची ३४ प्रमुख लेणी शेजारी शेजारी आहेत. मग भेदाचे रूपांतर संघर्षात केव्हा होते?

वेरूळजवळच्या छत्रपती संभाजीनगरचे (तेव्हाचे औरंगाबाद) उदाहरण पाहू. तेथील मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी संमत केला. त्यानंतर मराठवाड्यातील अनेक गावांत दलितांची घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. पीडितांपैकी बहुतेकांचा समाज १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध झाला होता. तथापि हल्ल्यांमागे केवळ जाति-धर्माचा भेद नव्हता. शिक्षण, राखीव नोकऱ्या व गावातील प्रतिष्ठा यांत दलितांना मिळू लागलेला वाटा अनेक सवर्णांना खुपत होता. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला.

उत्तर आयर्लंडमध्येही कॅथलिक व प्रॉटेस्टंट यांच्यातील वैर मतदान, घरे व नोकऱ्या यांतील विषमतेमुळे वाढले. १९९८ च्या करारात सत्तेतील दोघांचा वाटा मान्य झाला.

सारांश, संघर्षातील बाजू धर्म व संस्कृती यांवरून ठरतात. त्याचे कारण मात्र बहुधा नाकारलेल्या समतेत असते.

स्वाध्याय : आपल्या गावातील एखाद्या वादात भेद कोणता होता आणि प्रत्यक्ष मागणी कोणती होती, ते लिहा.