लिनक्सची स्वतःची आवृत्ती : इन्स्टॉलरची घडण आणि चाचणी

एखाद्या मराठी माध्यमाच्या शाळेत वीस संगणक आहेत आणि त्या सर्वांवर एकसारखी लिनक्स प्रणाली बसवावयाची आहे, अशी कल्पना करू. प्रत्येक संगणकासमोर बसून भाषा, कळफलक, प्रमाणवेळ, वापरकर्त्याचे नाव आणि डिस्कची विभागणी यांविषयीचे तेच ते प्रश्न वीस वेळा सोडवावे लागतील. यात वेळ तर जातोच. परंतु पंधराव्या-सोळाव्या संगणकापाशी थकलेल्या हातून एखादे उत्तर चुकते आणि विद्यार्थ्यांचे वर्षभराचे काम पुसले जाते, हा धोका त्याहून मोठा आहे. आपल्या गरजेनुसार इन्स्टॉलर तयार करणे हा त्यावरील उपाय होय. मात्र असा इन्स्टॉलर तपासून न घेता वापरल्यास हा उपायच अपायकारक ठरू शकतो. म्हणून घडणीइतकाच चाचणीचा विचार करणे अगत्याचे आहे.

पार्श्वभूमी

हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने ऑगस्ट १९९१ मध्ये लिनक्सच्या गाभ्याची घोषणा केली. गाभा म्हणजे संपूर्ण प्रणाली नव्हे. त्याच्याभोवती उपयुक्त आज्ञावली गोळा करून, त्या परस्परांशी जुळवून जो संच तयार होतो, त्याला वितरण म्हणतात. इयान मर्डॉक याने ऑगस्ट १९९३ मध्ये आरंभिलेले डेबियन हे अशा वितरणांपैकी एक प्रमुख वितरण होय. मुक्त परवान्यामुळे ते कोणासही बदलता येते व पुन्हा वाटता येते. स्पेनमधील एक्स्ट्रेमादुरा प्रांताच्या शासनाने २००२ साली डेबियनच्या आधारे लिनेक्स ही स्वतःची आवृत्ती काढली. आपल्या देशात केरळमधील शाळांसाठीही लिनक्सची खास आवृत्ती तयार करण्यात आली आहे.

इन्स्टॉलरचे अंतरंग

डेबियनचा सध्याचा इन्स्टॉलर जून २००५ मध्ये आलेल्या ३.१ या आवृत्तीपासून प्रचारात आला. तो वस्तुतः एक छोटी लिनक्स प्रणालीच असते. यूएसबी पेनड्राइव्हवरून ती संगणकाच्या स्मृतीत उतरते आणि तेथून डिस्क ओळखणे, तिचे विभाग पाडणे, पायाभूत प्रणाली उतरविणे व शेवटी ग्रब हा आरंभक बसविणे ही कामे क्रमाने करते. प्रत्येक कामासाठी स्वतंत्र लहान घटक असतो. इन्स्टॉलरच्या भाषांमध्ये मराठीचा समावेश आहे; मात्र देवनागरीतील जोडाक्षरे नीट दिसण्यासाठी चित्ररूप पद्धतीचा इन्स्टॉलर निवडावा लागतो.

घडणीचे टप्पे

प्रथम आपल्या गरजांची यादी करावी. मराठी टंक, इनस्क्रिप्ट कळफलक, लिब्रे ऑफिस व शैक्षणिक आज्ञावली यांची नेमकी नावे कागदावर उतरवावीत. यादी जितकी मोठी, तितका पुढील देखभालीचा भार मोठा, हे ध्यानात ठेवावे.

दुसरा टप्पा उत्तरपत्रिकेचा. इन्स्टॉलर विचारील त्या प्रश्नांची उत्तरे एका साध्या मजकूर फाइलीत आधीच लिहून ठेवता येतात. या फाइलीस प्रीसीड असे नाव आहे. ती कोठे ठेवली आहे, यास महत्त्व आहे. इन्स्टॉलरच्या आरंभीच्या स्मृतिप्रतिमेत ठेवल्यास पहिल्या प्रश्नापासून तिचा उपयोग होतो. केवळ पेनड्राइव्हवर ठेवल्यास ती उशिरा वाचली जाते व तोपर्यंत भाषा आणि कळफलक यांचे प्रश्न विचारून झालेले असतात. नवशिक्यांना पडणारे कोडे बहुधा हेच असते.

तिसऱ्या टप्प्यात मूळ आयएसओ प्रतिमा उलगडून तीत आपले बदल घालावेत, आतील फाइलींची पडताळणी-यादी नव्याने तयार करावी आणि झोरिसो या साधनाने पुन्हा प्रतिमा बांधावी. हे काम सुलभ करणारे सिंपल-सीडीडी नावाचे साधनही उपलब्ध आहे. प्रत्येक प्रतिमेस क्रमांक व दिनांक द्यावा आणि तिचा शा-२५६ पडताळणी अंक नोंदवावा.

चाचणी

पहिली चाचणी खऱ्या संगणकावर घेऊ नये. क्यूईएमयू या आज्ञावलीने आभासी संगणक निर्माण करता येतो. तेथे डिस्क पुसली गेली तरी हानी होत नाही. पुढील परिस्थितींत स्वतंत्र चाचण्या घ्याव्यात :

१. कोरी डिस्क असताना.
२. डिस्कवर जुनी प्रणाली व माहिती असताना.
३. दोन डिस्क असताना.
४. डिस्क अपुऱ्या क्षमतेची असताना.
५. इंटरनेट जोडणी नसताना.
६. जुन्या बायोस व नव्या यूईएफआय अशा दोन्ही पद्धतींनी संगणक सुरू करून.

यांपैकी दुसरी व तिसरी चाचणी सर्वांत महत्त्वाची होय. पहिल्या डिस्कचे नाव एसडीए असेल असे गृहीत धरून उत्तरपत्रिका लिहिली जाते; परंतु काही संगणकांवर हे नाव पेनड्राइव्हलाच मिळते, तर एनव्हीएमई प्रकारच्या डिस्कचे नाव सर्वस्वी निराळे असते. डिस्कचे नाव आणि विभागणीस अंतिम संमती ही दोन्ही उत्तरे आधीच लिहून ठेवली असतील, तर इन्स्टॉलर काहीही न विचारता त्या नावाची डिस्क पुसून टाकतो. यास्तव इतर सर्व उत्तरे द्यावीत, पण अंतिम संमतीचा प्रश्न मोकळा ठेवावा. वीस वेळा एक कळ दाबण्याचे कष्ट हे गमावलेल्या माहितीच्या तुलनेत नगण्य आहेत.

आभासी चाचणीनंतर निदान दोन भिन्न बनावटीच्या खऱ्या संगणकांवर चाचणी घ्यावी. वायफाय, ध्वनी व छपाईयंत्र यांच्या अडचणी तेथेच उघड होतात. उपकरणांसाठी लागणारी मुक्त नसलेली फर्मवेअर जून २०२३ मधील डेबियन १२ पासून अधिकृत प्रतिमेतच समाविष्ट करण्यात आली आहे. त्यापूर्वीच्या प्रतिमा वापरताना ती वेगळी पुरवावी लागे. स्वतः बांधलेला गाभा वापरल्यास सिक्युअर बूट असलेला संगणक तो नाकारू शकतो, हेही तपासावे.

काम अडल्यास अंदाज बांधू नयेत, नोंदवही वाचावी. इन्स्टॉलर आपली प्रत्येक कृती सिसलॉग या फाइलीत लिहितो आणि बसवणूक पूर्ण झाल्यावर तिची प्रत नव्या प्रणालीतही ठेवतो. दोष सापडल्यावर एका वेळी एकच बदल करावा, नवी प्रतिमा बांधावी आणि सर्व चाचण्या प्रारंभापासून घ्याव्यात. नुसती फसलेली चाचणी पुन्हा घेणे पुरेसे नाही. कारण एक दोष दूर करताना दुसरा निर्माण होण्याचा संभव असतो.

समारोप

प्रत्यक्ष बसवणुकीच्या दिवशी प्रत्येक संगणकातील माहितीची प्रत अन्यत्र घेतली आहे याची खात्री करून मगच कामास आरंभ करावा. उत्तरपत्रिका, आज्ञावलींची यादी व चाचण्यांची नोंद हे तीन कागद शाळेच्या दप्तरी ठेवावेत. प्रणाली उभारणारा शिक्षक उद्या बदलून गेला, तरी त्याच्यामागे येणाऱ्यास ते काम पुढे नेता आले पाहिजे. तसे झाले, तरच ही आवृत्ती खऱ्या अर्थाने शाळेची स्वतःची ठरेल.