भरलेला ट्रक दम का तोडतो?



तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडावा, हे आम्ही शेतकी खात्याची माणसे दर हंगामात सांगतो. पण हिमायतनगरकडून निघालेला भरलेला ट्रक वाटेत चढावर थांबला, तर ते सांगणे फुकट जाते. ऊस वाळतो, साखर घटते, आणि वजन कारखान्याच्या काट्यावर होत असल्याने घटीचा फटका तुम्हालाच बसतो. म्हणून गाडी ठेकेदाराची असली तरी जुन्या ट्रकचा हा एक आजार आपणही ओळखून ठेवावा.

रिकामी गाडी ठीक पळते, भरली की ओढ धरत नाही. रात्रभर उभी राहिली की सकाळी हातपंप मारल्याशिवाय सुरू होत नाही. अशा वेळी आधी धूर पाहावा. काळा भपकारा असेल तर एअर फिल्टर किंवा नोझल तपासावे. धूरही नाही अन् दमही नाही, तर बहुधा डिझेल कमी पोचते आहे.

डिझेलची वाट अशी : टाकी, फीड पंप, फिल्टर, मोठा पंप, नोझल. यातली फीड पंपापर्यंतची वाट ओढीची आणि पुढची दाबाची. विहिरीवरच्या पंपाचे उदाहरण घ्या. सक्शन पाइपला बारीक भोक पडले तर पाणी गळत नाही, पंप हवा ओढतो. ट्रकचेही तसेच. फीड पंपाच्या पुढे गळती असेल तर डिझेल ठिबकताना दिसते. मागे असेल तर चालू गाडीत काहीच दिसत नाही, नुसती हवा शिरते. 'कुठे गळत नाही हो साहेब' असे ड्रायव्हर म्हणतो ते खरेच असते.

पहिली तपासणी बिनपैशाची. टाकीचे झाकण सैल करून गाडी चालवावी. सुधारली, तर झाकणाचे हवेचे छिद्र धुळीने बुजले आहे. नाही सुधारली, तर गाडी बंद करून टाकीकडून येणारी नळी फीड पंपापाशी सोडवावी. तिथे स्वच्छ रबरी नळी जोडून तिचे दुसरे टोक डिझेलच्या डब्यात सोडावे. आता इंजिन नीट चालले, तर दोष टाकीतल्या जाळीत किंवा नळीत. बॅरलमधून डिझेल भरणाऱ्या गाड्यांत गंज आणि पाचटाचा चुरा हमखास सापडतो.

तरीही दम नसेल तर फिल्टर पाहावेत. कागदी फिल्टर धुऊन पुन्हा घालू नये, नवाच टाकावा. फिल्टर काढून गाडी हाकणे तर शुद्ध वेडेपणा; मोठ्या पंपाचा खर्च अंगावर येतो. त्यानंतर फीड पंपाचे व्हॉल्व्ह व स्प्रिंग तपासावी.

एक गोष्ट मात्र मेकॅनिकही विसरतात. जादा डिझेल परत टाकीत नेणाऱ्या वाटेवर ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह असतो. त्याची स्प्रिंग ढिली झाली, किंवा कोणी त्या जागी साधाच पोकळ बोल्ट ठोकला, तर दाब धरतच नाही. सगळे नवे टाकूनही गाडी तशीच राहते, त्याचे कारण पुष्कळदा हेच. दाब गेजवर मोजून गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडावा.

काम झाल्यावर फिल्टरवरचा स्क्रू सैल करून, फेस जाऊन निव्वळ डिझेल येईपर्यंत हातपंप मारावा आणि मग स्क्रू आवळावा. नव्या कॉमन रेल गाड्यांवर हे प्रयोग करू नयेत. तिथे नळीतला दाब हजार किलोच्या वर असतो, चालू इंजिनाची नळी सोडली तर धार कातडीत घुसते.