हरायला खेळले, घरी गेले

तुम्ही जत्रेतली कुस्ती पाहिली असेल. दोन मल्ल आखाड्यात उतरतात. माती अंगाला लावतात. मग झोंबी सुरू होते. कोण चीत होणार, ते कुणालाच ठाऊक नसते. म्हणून तर माणसे कोसकोस चालून येतात.

पण कधी कधी दोघे मल्ल आधीच ठरवून लढतात. त्या कुस्तीला लोक नुरा कुस्ती म्हणतात. ती ओळखायला वेळ लागत नाही. लोक ओरडू लागतात, "अरे, कुस्ती करा, कुस्ती!"

अशीच एक गोष्ट 2012 साली लंडन शहरात घडली. तिथे तर आणखी नवल झाले. दोन्ही बाजूंना हरायचे होते! ती गोष्ट आज आपण वाचू.

खेळ कसा असतो

ही गोष्ट बॅडमिंटनची आहे. या खेळाचे आपल्या पुण्याशी जुने नाते आहे. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी पुण्याच्या छावणीतले इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत. तेव्हा त्याला 'पूना' असेच म्हणत. पुढे इंग्लंडातल्या बॅडमिंटन नावाच्या एका वाड्यावरून आजचे नाव पडले.

मैदानाच्या मध्ये जाळी असते. मध्यभागी तिची उंची पाच फूट असते. हातात तारांची रॅकेट असते. चेंडूऐवजी पिसांचे फूल असते. त्याला 16 पिसे असतात. फूल आपल्या बाजूला पडू द्यायचे नाही, पलीकडे पाडायचे, एवढाच खेळ. एकास एक खेळले तर एकेरी. दोघांची जोडी असली तर दुहेरी.

ऑलिंपिक हा जगातल्या सगळ्या देशांचा खेळांचा मेळा. तो चार वर्षांनी भरतो. 1992 साली बार्सिलोना शहरात बॅडमिंटनची पदके तिथे पहिल्यांदा दिली गेली. लंडनला 2012 साली आपल्या सायना नेहवालने कांस्यपदक मिळवले. त्याच मेळ्यात पुढची गोष्ट घडली.

नियमात फट होती

महिला दुहेरीत 16 जोड्या होत्या. त्यांचे चार गट केले. एका गटात चार जोड्या. गटातल्या पहिल्या दोन जोड्या पुढच्या फेरीत जाणार. पुढे कोणाची गाठ कोणाशी पडणार, तेही आधीच ठरलेले होते.

इथेच घोटाळा झाला. चीनच्या दोन जोड्या होत्या. त्यांतली एक डेन्मार्ककडून हरली आणि आपल्या गटात दुसरी आली. चीनची दुसरी जोडी यू यांग आणि वांग शियाओली यांची. ती जगात पहिल्या क्रमांकाची. तिचा गटातला शेवटचा सामना दक्षिण कोरियाशी होता. हा सामना जिंकला, तर अंतिम सामन्याच्या आधीच आपल्याच देशाच्या जोडीशी गाठ पडणार. हरला, तर ती गाठ अंतिम सामन्यापर्यंत टळणार. दोन्ही जोड्या पुढच्या फेरीत आधीच पोचल्या होत्या. म्हणजे हरून नुकसान नव्हते. उलट फायदाच होता!

31 जुलैची संध्याकाळ

खेळ सुरू झाला. चीनच्या मुली फूल मुद्दाम जाळीत मारू लागल्या. कोरियाच्या मुलींनी ते ओळखले. मग त्याही तसेच करू लागल्या. पहिल्या डावात चार टोल्यांच्या पुढे खेळ एकदाही गेला नाही. तिकीट काढून आलेले लोक चिडले. त्यांनी हुर्यो उडवली. मुख्य पंच मैदानावर आले. त्यांनी ताकीद दिली. पण व्यर्थ. शेवटी कोरियाची जोडी 'जिंकली'.

त्यानंतर कोरियाची दुसरी जोडी आणि इंडोनेशियाची जोडी उतरली. इथे जिंकणाऱ्या जोडीला पुढे यू यांगच्या जोडीशी लढावे लागणार होते. मग काय! पुन्हा तोच प्रकार.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. जिंकण्यासाठी मनापासून न खेळणे हा गुन्हा ठरला. चारही जोड्या स्पर्धेतून बाद झाल्या.

मग त्यांच्या जागी गटात मागे राहिलेल्या जोड्या आत आल्या. रशियाची जोडी गटात तिसरी होती. ती कांस्यपदक घेऊन घरी गेली. कॅनडाच्या जोडीने गटातले तिन्ही सामने हरले होते. ती उपांत्य फेरीत पोचली.

दोष कुणाचा?

कुणी म्हणेल, नियमच तसा होता, मुलींनी काय करावे? हे अगदीच खोटे नाही. नियमात फट होती, हे चालकांनीही मानले. त्याच वर्षी नियम बदलला. आता दुहेरीत गटात दुसऱ्या आलेल्या जोड्यांची गाठ कोणाशी, ते गटाचे सामने संपल्यावर चिठ्ठ्या टाकून ठरते.

पण आम्हाला वाटते, नियमात फट असली म्हणून खोटे खेळणे खरे होत नाही. शेताला कुंपण नसले, तरी दुसऱ्याचे पीक आपले होत नाही. तसेच हे.

नऊ वर्षांनी

बाद झालेल्या इंडोनेशियाच्या जोडीत ग्रेसिया पोली नावाची मुलगी होती. वय 24. साऱ्या जगासमोर मान खाली गेली. एखादीने खेळच सोडला असता. ग्रेसियाने सोडला नाही. 2016 साली ती पुन्हा ऑलिंपिकला गेली. उपांत्यपूर्व फेरीत हरली. पण या वेळी खेळून हरली.

2021 साली टोकियोला ती तिसऱ्यांदा आली. आता वय 33. जोडीला तिच्याहून दहा वर्षांनी लहान असलेली अप्रियानी राहायू. दोघी अंतिम सामन्यात पोचल्या. समोर चीनची बलाढ्य जोडी. खेळ चालू असताना ग्रेसियाची रॅकेट निकामी झाली. तिने धावत जाऊन दुसरी घेतली आणि ती तशीच खेळात परत आली. एक फूलही फुकट सोडायचे नाही, असा तो खेळ होता. दोघींनी 21-19, 21-15 असा सामना जिंकला. महिला दुहेरीत इंडोनेशियाला ऑलिंपिकचे सुवर्णपदक त्याआधी कधीच मिळाले नव्हते.

लंडनला ती हरण्यासाठी खेळली आणि घरी गेली. टोकियोला ती शेवटच्या फुलापर्यंत झुंजली. बाई तीच होती. चूक एकदा झाली म्हणजे माणूस कायमचा वाया गेला, असे नसते बरे!

प्रश्न

1. नुरा कुस्ती म्हणजे काय?
2. चीनच्या जोडीला सामना हरावासा का वाटला?
3. नंतर नियम कसा बदलला?
4. चार जोड्यांना दिलेली शिक्षा तुम्हाला योग्य वाटते का? वर्गात एकमेकांशी बोला.