नागपूरचे नेत्रवैद्य डॉ. मुंजे

नागपूरची धंतोली म्हटली की दवाखान्यांच्या आणि रुग्णालयांच्या पाट्याच प्रथम डोळ्यांपुढे येतात. धंतोलीला लागून काँग्रेसनगर आहे. तेथील एका रस्त्याला डॉ. मुंजे यांचे नाव दिलेले आहे. हे डॉक्टर कशाचे, असे तेथून जाणाऱ्याला विचारून पाहा. पुढारी म्हणून त्यांचे नाव कित्येकांनी ऐकलेले असते. पण ते डोळ्यांचे डॉक्टर होते हे फार थोड्यांना ठाऊक असते.

डॉक्टर राजकारणात शिरणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. चीनचे सन यत्-सेन डॉक्टर होते. ब्राझीलिया ही नवी राजधानी वसवणारे ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष जुसेलिनो कुबिचेक हेही डॉक्टरच. नागपूरचे डॉ. ना. भा. खरे १९३७ साली मध्यप्रांताचे मुख्यमंत्री झाले (त्या काळी या पदाला पंतप्रधान म्हणत). मग मुंजे यांचे विशेष ते काय? आपल्या शास्त्रावर त्यांनी ग्रंथ लिहिला, आणि तो संस्कृत भाषेत!

बाळकृष्ण शिवराम मुंजे यांचा जन्म १२ डिसेंबर १८७२ रोजी बिलासपूर येथे झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८९८ साली ते डॉक्टर झाले. पुढे वैद्यकीय पथकातून ते दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात गेले. गांधीजींनीही याच युद्धात हिंदी लोकांचे शुश्रूषापथक उभारले होते. परतल्यावर मुंजे यांनी नागपुरात व्यवसाय सुरू केला.

त्या काळच्या नेत्रवैद्यापुढचा नेहमीचा रोग म्हणजे मोतीबिंदू. डोळ्यातील भिंग गढुळले की प्रकाश दृष्टिपटलापर्यंत नीट पोहोचत नाही. सुश्रुतसंहितेत यावर शस्त्रक्रिया सांगितली आहे. तीत शलाकेने आतला अडथळा बाजूला सारत. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये दाव्हिएल याने भिंग बाहेर काढण्याची रीत घालून दिली, आणि १८८४ पासून कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर करता येऊ लागला. मुंजे शिकले तेव्हा ही नवी विद्या रुळली होती.

येथे थोडे भौतिकशास्त्र पाहू. भिंगाची शक्ती डायॉप्टरमध्ये मोजतात. मीटरमधील नाभीय अंतराने १ ला भागले की ती मिळते. निरोगी डोळ्याची एकूण शक्ती सुमारे ६० डायॉप्टर असते. त्यातली सुमारे ४३ एकट्या पारपटलाची! डोळ्यातील भिंग सुमारे २० डायॉप्टरचे. (४३ आणि २० यांची बेरीज ६० येत नाही, कारण दोहोंमध्ये थोडे अंतर असते.) आता हे भिंग काढून टाकले, तर त्याजागी किती शक्तीचा चष्मा लागेल? तुम्ही म्हणाल, २०. प्रत्यक्षात १० ते १२ डायॉप्टरचा पुरतो. बहिर्गोल भिंग डोळ्यापासून जितके पुढे धरावे, तितकी त्याची शक्ती कमी लागते. बहिर्गोल भिंग आणि मेणबत्ती घेऊन यावर प्रयोग करता येईल. पण या चष्म्याने वस्तू जवळजवळ पाव पटीने मोठी दिसते. म्हणून एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला दोन डोळ्यांची चित्रे जुळवता येत नसत. जाड काचांचे ते चष्मे तुमच्या आजोबांना आठवत असतील.

हे सारे ज्ञान इंग्रजीत होते. खेड्यापाड्यांतील रोगी जात ते वैद्यांकडे, आणि वैद्यांना समान भाषा होती ती संस्कृत. बंगालचा वैद्य आणि केरळचा वैद्य एकच ग्रंथ वाचू शकत, तो संस्कृतात असेल तर! मुंजे यांनी ‘नेत्रचिकित्सा’ संस्कृतात लिहिण्यामागे हाच हिशेब असावा, असा माझा तर्क आहे. काम मात्र सोपे नव्हे. सुश्रुताने डोळ्याचे ७६ रोग वर्णिले, मंडले व पटले यांना नावे दिली. परंतु दृष्टिपटलावर उलटी प्रतिमा पडते ही गोष्ट १६०४ साली केप्लरने दाखवली. जुन्या शब्दांत हा नवा अर्थ भरावयाचा, तोही वैद्याचा गोंधळ न होऊ देता! मराठीत विज्ञान शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांना ही अडचण रोजची आहे.

टिळकांचे अनुयायी म्हणून मुंजे राजकारणात आले होते. १९२० साली टिळक गेले. गांधीजींचा अहिंसेचा मार्ग मुंजे यांना पटला नाही. १९२७ साली ते हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले, केंद्रीय कायदेमंडळात बसले, लंडनच्या गोलमेज परिषदांना गेले. हिंदी तरुणांना सैन्यात अधिकारी होता यावे, हा त्यांचा ध्यास होता. १९३१ साली सरकारने सैनिकी महाविद्यालयासाठी नेमलेल्या समितीचे ते सभासद होते. डेहराडूनची संस्था १९३२ साली सुरू झाली. नाशिकची भोसला सैनिकी शाळा त्यांनीच १९३७ मध्ये काढली.

याच वाटेवर ते मार्च १९३१ मध्ये इटलीत गेले आणि मुसोलिनीला भेटले. तेथील मुलांच्या कवायती पाहून ते प्रभावित झाले. त्या कवायतीमागे विरोधकांना तुरुंगात टाकणारी राजवट होती. तिच्याकडे त्यांनी पाहावयास हवे होते. इतिहासकार या भेटीबद्दल त्यांच्यावर टीका करतात, आणि ती मला रास्त वाटते. नेत्रवैद्य रोग्याच्या डोळ्याची बाहुली पाहून थांबत नाही. आत काय आहे हे तपासतो. मुंजे यांना हे शिकवण्याची गरज नव्हती, म्हणून तर ही चूक अधिक खटकते.

मार्च १९४८ मध्ये मुंजे यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९४९ मध्ये, लंडनला हॅरल्ड रिडली या नेत्रवैद्याने मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात प्लॅस्टिकचे भिंग बसवून पाहिले. आज आपल्याकडे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत असे भिंग सर्रास बसवतात. ते डोळ्याच्या आतच बसत असल्यामुळे त्याची शक्ती सुमारे २० डायॉप्टरच ठेवावी लागते.